पार्थचा हेडसेट, सोमवारपर्यंत

यादी सत्यशीलाने वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतली होती. सात कलमं डोक्यात होती.

एक. बॅटरी किती वेळ टिकते?

दोन. मोबाईल, कॉम्प्युटर, वायर काही लागत नाही ना? सगळं आतच आहे ना?

तीन. काचा. ओरखडा, डाग? कधी उन्हात पडला होता का? (भिंगातून ऊन शिरलं की आतला पडदा जळतो.)

चार. हातातले कंट्रोलर. दोन्ही.

पाच.

पाचपुढे टिंब पडलं आणि खालून स्कूटरचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग दाबूनच धरलेला. तिच्या वडिलांना, भय्याजी मेश्रामांना, भिलाईच्या पोलाद प्लान्टमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण कुठंही निघायचं म्हटलं की त्यांची अजून शिफ्टची वेळ होत असे.

"आली न बाबा!" ती खिडकीतून ओरडली. "दुकान काही पळून नाई राहिलं!"

"दुकान कुठाय? माणसाकडे जाऊन राहिलो. माणूस दुपारी झोपते."

सहा आणि सात डोक्यातच राहिली. पाच तर डोक्यातूनही गेली. कागद घडी करून तिने पर्समध्ये टाकला आणि जिना उतरली.

शुक्रवार होता. परीक्षा सोमवारी, सकाळी दहाला.

परीक्षा कसली, ते इथंच सांगून टाकावं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी कारखान्याला केबिनमधून क्रेन चालवणारे आठ जण हवे होते. शेडच्या छताखाली दोन रुळांवर सरकणारी क्रेन, तिच्या पोटाला टांगलेली काचेची केबिन, खाली माणसं, हुकाला टनांनी लोखंड. सत्यशीला पाच वर्षं एका फॅब्रिकेशन शेडमध्ये अशीच पण लहान क्रेन चालवत होती, जमिनीवरून, हातातल्या बटणांनी. काम येत होतं. पगार आणि पक्की नोकरी मात्र वर केबिनमध्ये होती. वयाची अट तीस. तिला तीस पूर्ण व्हायला सतरा दिवस उरले होते.

आणि परीक्षा डोळ्यांवर बांधायच्या एका डब्यात होती. व्हीआर हेडसेट. तो चढवला की समोर अख्खी शेड उभी राहते. मान वळवली की शेड फिरते, क्रेन पुढे नेली की खांब मागे जातात. शरीर तेवढं खुर्चीवर, जागच्या जागी.

मार्चमधल्या पहिल्या फेरीत चौथ्याच मिनिटाला तिला उलटी झाली. नऊ पुरुषांसमोर. "अगली बार बाल्टी साथ में लाना," मागून कोणीतरी म्हणालं, आणि जे हसले त्यांच्यातले तिघं स्वतःच पांढरे पडले होते. तरी हसले.

दुसरी फेरी सोमवारी. वीस मिनिटं. तिसरी फेरी नाही.

सवय करायची तर हेडसेट हवा. परीक्षेतल्या क्रेनचा सरावाचा नमुना फुकट उतरवून घेता येत होता, पण तो चालायला डबा तर पाहिजे. नवा आवाक्याबाहेर होता, आणि मागवला तरी पोचणार बुधवारी.

तेव्हा भय्याजींना दिवाकरभाऊ आठवले. त्यांच्या घरी असा एक डबा नुसता पडून होता.

*

दिवाकर देशकर. मोहन नगर, दुर्ग. तीन पिढ्यांचं घर, घरात वकील आणि मास्तर, हे एकटेच प्लान्टात गेले. अकरा वर्षं त्यांची आणि भय्याजींची क्रेन एकच. हे उतरायचे, ते चढायचे. शिडीच्या वरच्या टोकाला, दीड फूट रुंदीच्या लोखंडी फळीवर दोघं समोरासमोर उभे राहायचे, आणि तिथं चार्ज, म्हणजे क्रेनचा ताबा, द्यायचा-घ्यायचा.

रजिस्टर होतं, सही होती. पण रजिस्टर साहेबासाठी. ऑपरेटर ऑपरेटरला तोंडाने सांगायचा. ब्रेक. लिमिट. दोर. हुक. बिघडलंय ते, आणि बिघडल्यासारखं वाटतंय तेही. समोरचा म्हणायचा, "चार्ज घेतला." मगच पाय केबिनमध्ये.

एकदा दिवाकरभाऊ म्हणाले, "ब्रेक जरा लेट पकडतोय, भय्याजी. मेंटेनन्स ओके म्हणतं. मी नाही म्हणत."

त्या पाळीत भय्याजींनी वितळल्या पोलादाने भरलेल्या हंडीसाठी चार हात आधीच ब्रेक दाबला. ती चार हात पुढे जाऊन थांबली. तिच्यापुढे चार माणसं होती. चौघंही संध्याकाळी घरी जेवले.

म्हणून भय्याजींच्या लेखी जगात दोन प्रकारची बोलणी होती. एक सगळी बोलणी. दुसरं, चार्ज देताना बोललेलं.

*

"या, भय्याजी. राम राम."

"जय भीम, दिवाकरभाऊ."

तीस वर्षं हे असंच. कोणी कोणाचं बदलायला गेलं नाही.

हेडसेट काचेच्या शोकेसमध्ये होता, मूळ खोक्यासकट. सत्यशीलाने पहिल्यांदा खिडकी पाहिली. पश्चिमेची, पण पडदा जाड. हेडसेट उलटा करून दोन्ही भिंगं उजेडाकडे धरली. पिवळा ठिपका नाही. ओरखडा डावीकडे एक, बारीक, कडेला. कंट्रोलर दोन. वायर नाही. तीन आणि चार झाले, दोनही झालं.

"चालू करून पाहू काय, काका?"

"बॅटरी उतरली असणार. नातू, पार्थ, बंगलोरला गेला तेव्हापासून हात नाही लावला कोणी." दिवाकरभाऊंनी पिन लावली. लाल ठिपका लागला, पुढे काही नाही. "अर्धा तास घेईल."

सत्यशीलाने कागद काढला.

"ठेव तो कागद," भय्याजी दबक्या आवाजात म्हणाले.

"पाच मिनिटं बाबा. चालू झाला का पाहून घेऊ."

"माणसाच्या घरी बसून कागदावर टिका मारून राहिली? कावून? चोराकडे आलो काय आपण?"

"मी तसं म्हटलं काय?"

"तुले नाई समजत. थांब."

ते उठले. शर्ट खाली ओढला. सोफ्यावरचे दिवाकरभाऊही, का कुणास ठाऊक, उठून उभे राहिले. दोघांच्या मध्ये टीपॉय होता, त्यावर हेडसेट, त्याच्या पोटात लाल ठिपका.

"दिवाकरभाऊ. चार्ज द्या."

दिवाकरभाऊंचे खांदे सरळ झाले. आवाजही बदलला. छपन्न फुटांवरचा, खालच्या भट्टीवरून ओरडून बोलायचा आवाज.

"काच ओके. दोन्ही हँडल ओके. पट्टा ओके. पिन ओके. बॉक्स, कागद, सब साथ में. बाकी काही नाही."

"चार्ज घेतला," भय्याजी म्हणाले.

पैसे घेताना दिवाकरभाऊंनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. सत्यशीलाने ते पाहिलं. विचारलं नाही. कागद पर्समध्ये गेला.

*

घरी, कोहक्याला, पोचेपर्यंत पाच वाजले. कूलर लावला, हेडसेट भिंतीतल्या पिनेवर लावला. सहाला तो उठला. पडद्यावर उजेड आला, मंद सूर वाजला, आणि सत्यशीलाच्या डोळ्यांसमोर अधांतरी पांढरी अक्षरं उभी राहिली.

नमस्ते, पार्थ. पिन टाका.

ती पाहत राहिली.

"दिसली काय क्रेन?" भय्याजींनी विचारलं.

"पार्थ दिसून राहिला."

तिने चार शून्य टाकून पाहिली. एक-दोन-तीन-चार. पार्थचं जन्मवर्ष अंदाजाने. पाचव्या वेळी हेडसेट म्हणाला, आता पंधरा मिनिटांनी या. तिने फोनवर शोधलं. दोन बटणं एकदम दाबून धरली की सगळं पुसलं जातं, नवाकोरा होतो, असं कळलं. तसं केलं. पुसला गेला. पुन्हा सुरू झाला, मंद सूर, आणि:

हे उपकरण एका खात्याशी जोडलेले आहे. त्या खात्यातून मोकळे केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पाच. हेडसेट कोणाच्या नावावर आहे? त्याने आपलं नाव काढलंय का? आपल्यासमोर काढलंय का?

तिने हे बिलाच्या मागे आता लिहिलं. पेन इतकं दाबून की कागद फाटला.

भय्याजींनी दिवाकरभाऊंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पिन? मला काय माहीत पिन. बटण दाबून पाहा ना."

"दाबलं. पार्थचं खातं आहे म्हणते. त्यालेच काढा लागन. नंबर द्या त्याचा."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"पार्थला फोन नका करू, भय्याजी."

"कावून?"

"त्याला सांगितलेलं नाही मी."

कूलरमध्ये पाणी टपटपत होतं.

"सुट्टीत आला की दिवसभर ते डोक्याला बांधून बसायचा," दिवाकरभाऊ म्हणाले. "जेवायला हाक मारली तर हवेत हात हलवायचा. घरात असून घरात नव्हता, समझे? म्हटलं, जाऊ दे एकदाचं. तुमच्या पोरीच्या कामी येईल. मी खोटं नाही बोललो. काच ओके होती. पट्टा ओके होता."

"खोटं नाई बोलले तुम्ही," भय्याजी म्हणाले. फार हळू. "पण तुम्ही तर केबिनमध्ये चढलेच नव्हते, दिवाकरभाऊ. ज्यानं चालवली नाई, त्यानं चार्ज कसा दिला?"

फोन कोणी आधी ठेवला ते सत्यशीलाला कळलं नाही. बाबा खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा हात गुडघ्यावर उलटा पडला होता, कोणी ठेवून गेल्यासारखा.

"माई चूक झाली, सत्या."

"कागद मीच ठेवला न आत."

"मी ठेवाले लावला."

सोमवारी दहापर्यंत दोन दिवस आणि पंधरा तास. त्यातून झोप वजा. ती वजा करायला लागली आणि थांबली.

*

नंबर खोक्यावरच होता. कुरियरच्या फाटक्या चिठ्ठीवर: पार्थ देशकर, आणि दहा आकडे, शेवटचा एक की सात ते कळत नाही असा.

शनिवार. आठ वाजून दहा: एक टाकून पाहिला. राजनांदगावचा कोणी दूधवाला.

आठ बारा: सात. वाजला. उचलला नाही.

आठ चाळीस: नाही.

नऊ: तिने संदेश लिहिला. तुमचा हेडसेट माझ्याकडे आहे. खोडलं. तुमच्या आजोबांकडून. खोडलं. शेवटी गेलं ते असं: मी भिलाईहून सत्यशीला मेश्राम. तुमच्या हेडसेटबद्दल बोलायचं आहे. फार अर्जंट आहे.

अकराला त्याचा फोन आला.

"कौन? मेरा हेडसेट आपके पास कैसे?"

तिने सांगितलं. सगळं, क्रमाने. मध्ये मध्ये तो "क्या?" म्हणत होता, मग तेही म्हणेनासा झाला.

"विकला," तो शेवटी मराठीत म्हणाला. "मला न विचारता."

"हो."

"तो माझा आहे, दीदी. दहावीनंतर दोन वर्षं मुलांना ट्यूशन शिकवून घेतलाय. आजोबांचा नाहीये तो विकायला."

"बरोबर आहे तुझं."

"तर परत करा."

सत्यशीलाला वाटलं, रडावं. रडलं तर एकोणीस वर्षांचं पोरगं कदाचित विरघळेलही. पण बाबा समोर बसले होते, आणि हे पोरगं खरं बोलत होतं.

"करते. मंगळवारी स्वतः नेऊन देते मोहन नगरला. पैशाचं आजोबा अन् मी पाहून घेऊ. तुले त्यात पडायचं काम नाही. पण सोमवारपर्यंत तो मले चालवू दे. फक्त सोमवारपर्यंत. नाही म्हटलं तर आजच आणून देते."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"उलटी कितव्या मिनिटाला झाली?"

"चौथ्या."

"मला तिसऱ्या," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी. आजोबांच्या दिवाणावर. त्यांना अजून वाटतं मांजर होतं ते."

ती हसली. मग पलीकडूनही हसू आलं, लहानसं, नाइलाजाचं.

"थांबा. खात्यातून काढतो. मग तुमच्या नावाने नवं खातं उघडा. मी विकत घेतलेलं काहीच दिसणार नाही तुम्हाला. ते डब्यात नसतं, खात्यात असतं. फुकटवालं उतरवा. लिहून घेता?"

"सांग."

भय्याजींनी खुर्ची पुढे ओढली.

तो सांगत गेला आणि सत्यशीला बिलाच्या उरलेल्या जागेत, कडेने, मग उलटून वीजदराच्या आकड्यांवरून लिहीत गेली. बॅटरी दोन तास म्हणतात, या डब्याची पन्नासच मिनिटं उरलीत, भिलाईच्या एप्रिलमध्ये चाळीस धरा. डावा कंट्रोलर दहा मिनिटांनी आपोआप डावीकडे वाहतो, मेनूचं बटण दाबून धरलं की सरळ होतो. पट्टा गालावर नाही आवळायचा, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर. तोंडासमोर पंखा पाहिजेच, कुठल्या दिशेला तोंड आहे ते शरीराला कळत राहतं. आणि खाली, भिंगांच्या मध्ये, एक चाक आहे.

"कसलं चाक?"

"दोन डोळ्यांमधलं अंतर. प्रत्येकाचं वेगळं असतं ना. तो माझ्या डोळ्यांवर लावलेला आहे, अडुसष्ट मिलिमीटर. तुम्ही आरशासमोर पट्टी धरून मोजा. तुमचं कमी असणार. परीक्षेत कोणाच्या डोळ्यांवर लावलेला घातला होता तुम्ही?"

सत्यशीलाला नऊ पुरुष आठवले. तिच्या आधी बसलेला तो भलामोठा माणूस आठवला.

"अन् एक," पार्थ म्हणाला. "उलटी येईपर्यंत थांबू नका. कानामागे घाम आला की तिथेच हेडसेट काढायचा. दम धरून रेटलं तर पुढच्या वेळी अजून लवकर होतं. मेंदू लक्षात ठेवतो."

"चालवलेला माणूस बोलून राहिला हा," भय्याजी पुटपुटले.

*

आरशासमोर पट्टी. एकोणसाठ.

चाक फिरवलं, टक, टक, टक. दोन धूसर शेडची एक शेड झाली. खांबांना कडा आल्या. दूर, खाली, पिवळ्या टोपीतली चित्रातली माणसं.

परीक्षेची अट तिला पाठ होती. वीस मिनिटांत तीन लोड, तीन खुणांवर. माणसाच्या डोक्यावरून लोड गेला तर नापास. लोड हवेत असताना हेडसेट काढला तर तिथेच नापास. शंभरात साठ हवेत.

भय्याजींनी जुन्या वहीत रकाने आखले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

शनिवार दुपार. पाच मि. घाम. काढला.

शनिवार, साडेतीन. सहा मि.

शनिवार संध्या. आठ मि. एक लोड बरोबर.

रविवार सकाळ. नऊ मि. पोरगी चिडून राहिली.

पोरगी चिडली होती कारण बाप सारखा बोलत होता.

"लोड हवेत आहे अजून! काढतेस कशी?"

"घाम आला बाबा. पार्थ म्हणाला न, घाम आला का काढायचा."

"पार्थ क्रेनवर बसला काय? हवेत लोड सोडून ऑपरेटर उठत नाई. अंगाले आग लागली तरी नाई."

"इथं लोड नाही बाबा! चित्र आहे!"

"मंग उद्याची नोकरीबी चित्रातच कर!"

तिने हेडसेट गादीवर टाकला. भय्याजी उठून गॅलरीत गेले. खाली कोणाचं तरी बाळ रडत होतं, दूर रेल्वे फाटकाचा भोंगा. ती पंख्यासमोर तोंड धरून बसली. दोघंही बरोबर होते, हा सगळा वैताग. घामाला थांबली तर लोड हवेत. लोड खाली न्यायला थांबली तर उलटी. दोन्हीकडून नापासच.

रविवार दुपार. अकरा मि.

रविवार, पाच वाजता. चौदा मि. उलटी नाही. दोन लोड बरोबर.

त्यानंतर रकाना कोरा. सात वाजता बॅटरीने मान टाकली, आणि तिचीही पडली होती. चौदा. वीसला सहा कमी. बाबांनी वही मिटली. वरण-भात खाऊन दोघं झोपायला गेले.

*

भिलाई-३ च्या ट्रेनिंग सेंटरमध्ये एसी होता, पण पंखा नव्हता. परीक्षा घेणारा अरुणकुमार नावाचा माणूस, गळ्यात पट्टी, पट्टीला घड्याळ. तिच्या आधीचा उमेदवार हेडसेट काढत होता. घामाने त्याच्या कपाळावर चौकोनी ठसा उमटला होता.

"मेश्राम. बैठिए. पहनिए. स्टार्ट."

तिने हेडसेट हातात घेतला आणि उलटा केला.

"मैडम, पहनना है, देखना नहीं है."

"सर, आँखों का सेट करना है. आधा मिनिट."

"सबका सेम है."

"सबकी आँखें सेम नहीं हैं, सर."

मागे कोणीतरी खाकरलं. बाल्टीवाला आवाज असावा. तिने वळून पाहिलं नाही. बोट भिंगांच्या मध्ये फिरवलं, चाक कुठंच लागेना. हा डबा वेगळा होता. डावीकडे, बाहेरून, एक सरकतं बटण. सरकवलं. धूसर. आणखी. कडा आल्या. पट्टा मागच्या उंचवट्यावर.

"स्टार्ट."

पहिला लोड सहाव्या मिनिटाला खुणेवर. दुसऱ्याला वेळ लागला, पिवळ्या टोपीवाला एक मुद्दाम रस्त्यात येऊन उभा राहायचा, तो हटेपर्यंत थांबावं लागलं. तेराव्या मिनिटाला दुसरा खाली.

पंधराव्या मिनिटाला तिसरा लोड उचलला. लांब पत्र्याची गुंडाळी, अकरा टन, दोन खांब ओलांडून पलीकडे न्यायची. पहिला खांब गेला.

कानामागे गार ओल.

आली.

अजून तीन मिनिटं मिळाली असती तर. पोटात काहीतरी वर सरकलं. पलीकडची खूण दिसत होती, लाल चौकोन, पोचेपर्यंत दोन मिनिटं तरी. रेटलं तर पोचेलही. रेटलं तर मार्चसारखं होईल, लोड हवेत आणि हात तोंडावर.

खाली पाहिलं. खांबाच्या उजवीकडे मोकळी जमीन, पंधरा-वीस हात. दोन पिवळ्या टोप्या तिथून जात होत्या. जा, ती मनात म्हणाली, जा रे बाबांनो. एक गेला. दुसरा थांबला. तिने दातांवर दात ठेवले आणि नजर गुंडाळीवरून काढून खांबावर नेली, हलत नाही अशा गोष्टीवर. दुसरा गेला.

गुंडाळी खाली. सावली आणि पत्रा एकमेकांना टेकले. दोर सैल पडला.

"लोड डाउन!" ती मोठ्याने म्हणाली आणि हेडसेट कपाळावर ढकलला.

खोली पिवळी, डुलणारी.

"टाइम चालू है, मैडम. रुकेगा नहीं."

"चालू द्या."

"छोड़ रहे हो?"

"नहीं."

ती समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे पाहत बसली. नाकाने श्वास. तोंडाने श्वास. स्विचबोर्ड हलायचा थांबेना. बसलेले सगळे तिच्याकडे पाहत होते, ते तिला कानांत जाणवत होतं. अरुणकुमारच्या गळ्यातलं घड्याळ तिला दिसत नव्हतं आणि विचारायचं नव्हतं. स्विचबोर्ड थांबला. पुन्हा हलला. थांबला.

तिने हेडसेट खाली ओढला.

कोपऱ्यात आकडे: सतरा चाळीस.

दोर ताणला, गुंडाळी उठली. दुसरा खांब. घाम नाही. अठरा दहा. पिवळी टोपी, थांब, गेली. अठरा पन्नास. लाल चौकोनाच्या वर. गुंडाळी झुलत होती. झुलणं थांबायला वेळ हवा, आणि घाम पुन्हा येत होता, या वेळी मानेवर. एकोणीस वीस. तिने झुलण्याची वाट पाहिली नाही. परत येण्याच्या बाजूला असताना सोडली. टेकली. एकोणीस पस्तीस.

घंटा वाजली तेव्हा तिचे हात मांडीवर होते.

अरुणकुमार आपल्या पडद्याकडे वाकला. बोट लावून पाहिलं.

"तीसरा मार्क से बाहर है. एक हाथ."

तिने हेडसेट टेबलावर ठेवला.

"बीच में नीचे क्यों रखा?"

"चक्कर आ रहा था. लोड हवा में रखके चक्कर कैसे आने दूँ?"

त्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग छापील कागदावर बोट फिरवत गेला. खुणेबाहेर, वजा दहा. मध्येच थांबली, वजा पाच. वेळ. झुलता लोड, वजा. त्याचं पेन बेरजेच्या चौकोनाशी आलं आणि तिथे अडलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"तिरसठ," तो म्हणाला. "मेडिकल गुरुवार को. यहाँ साइन."

"एक मिनिट, सर."

ती उठली, दार ढकलून अंगणात गेली. नळाजवळ भय्याजी टोपी हातात घेऊन उभे होते, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत ती वाकली आणि तिला झाली. सगळी. सकाळच्या चहासकट. बाबांचा हात पाठीवर आला, थोपटू लागला, आणि त्या हाताचं वजन सांगत होतं की त्यांनी वाईटच धरलंय.

तिने चूळ भरली. तोंडावर पाणी मारलं. ओढणीने पुसलं.

"थांबा बाबा," ती म्हणाली, "सही करून येते."